शब्द सुचत नाहीत तेव्हा

प्रिय बाळा,

सप्रेम सलाम.

प्रार्थनेला बसलं की तोंडातून शब्दच फुटत नाहीत, म्हणजे आपला विश्वास संपला की काय, असं तू विचारलं आहेस. मला तसं वाटत नाही. देवाशी नातं तुटलेल्या माणसाला ही शांतता अशी बोचत नसते.

माझी पत्नी आजारी होती तेव्हा रात्र रात्र मी दवाखान्यातल्या बाकावर पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, मांडीवर उघडून बसायचो. अक्षरं दिसायची, आत काही उतरायचं नाही. भेटायला आलेले एक गृहस्थ म्हणाले, "विश्वास कमी पडतोय, म्हणून प्रार्थना ऐकली जात नाही." ते वाक्य मी पुढे कितीतरी दिवस वागवलं. दुसऱ्या दिवशी आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एक वयस्कर बाई आल्या. बराच वेळ नुसत्या शेजारी बसल्या, मग हळू आवाजात बायबलातलं 88 वं स्तोत्र वाचलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि गेल्या.

ते स्तोत्र वाच. बाकीची बहुतेक विलापाची स्तोत्रं शेवटी कुठेतरी आशेकडे वळतात. 13 वं बघ, देवा मला किती काळ विसरणार, असं विचारत सुरू होतं आणि सहाव्या वचनाला गाण्यावर येतं. 88 वं वळतच नाही. मूळ हिब्रूत त्याचा शेवटचा शब्दच 'अंधार' आहे. तरी तो माणूस हे सगळं सांगतोय कुणाला? ज्याला पहिल्याच ओळीत त्यानं आपला तारणारा म्हटलं, त्यालाच. तक्रार देवाची आणि गाऱ्हाणंही देवापाशीच. संकटात टिकणारा विश्वास मला तिथे पहिल्यांदा नीट दिसला.

बायबलातल्या ईयोबाचं, त्या सगळं गमावलेल्या माणसाचंही तेच. त्याचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ गप्प बसले तोवर ठीक होतं, बोलायला लागले आणि सगळं बिघडलं. शेवटी देवाचा राग त्या शहाण्या मित्रांवर झाला. आपल्या जन्मदिवसाला शाप देणाऱ्या ईयोबाबद्दल मात्र देव म्हणाला की तो माझ्याविषयी योग्य बोलला. तेव्हा देवासमोर गोड बोलायचं ओझं घेऊ नकोस. रागही तिथेच ने.

येशूनं सांगितलेली खडकावर घर बांधणाऱ्याची गोष्ट तुला पाठ असेल. शुभवर्तमान लिहिणारा लूक त्यात एक बारीक गोष्ट सांगतो: त्या माणसानं खोल खणलं. खणताना वर काहीच दिसत नाही, नुसता मातीचा ढीग वाढतो. तुझे हे कोरडे दिवस मला तसेच वाटतात. रोज एक स्तोत्र मोठ्यानं वाच, मन लागो न लागो. स्वतःचे शब्द नसतील तर त्यातले उसने घे. उपासना चुकवू नकोस. गाता आलं नाही तर नुसता उभा राहा, शेजारचे गातील. आणि झोप, जेवण सांभाळ. एलिया संदेष्टा मरण मागत झाडाखाली पडला होता, तेव्हा देवदूतानं त्याला आधी भाकर-पाणी दिलं आणि झोपू दिलं. मनावरचं मळभ हटतच नसेल तर डॉक्टरांना दाखव. त्यात अविश्वास नाही.

सगळं ठीक होईल असं मी लिहिणार नाही. माझी पत्नी बरी झाली नाही. प्रेषित पौलानं देवाला तीनदा विनवणी केली, तरी त्याच्या शरीरातला काटा, म्हणजे त्याला छळणारी पीडा, निघाला नाही, त्याला मिळालं ते इतकंच: 'माझी कृपा तुला पुरे आहे.' हे वचन मला पटायला फार वर्षं लागली. अजूनही काही दिवस ते नुसतं वाचतो, पटवून घेत नाही.

एक मात्र धरून ठेव. येशूला धरून नेलं त्या रात्री त्याचा शिष्य पेत्र आपण त्याला ओळखतच नाही म्हणून नाकारणार, हे येशूला आधीच ठाऊक होतं, आणि तरीही पेत्राचा विश्वास ढळू नये म्हणून त्यानं आधीच प्रार्थना केली होती. पेत्राला त्या रात्री स्वतःला तरी कुठे सावरता आलं?

आज रात्री नऊला मी तुझ्यासाठी 88 वं स्तोत्र वाचणार आहे. जमलं तर तूही उघडून बस. तू गप्प राहिलास तरी चालेल, मी मोठ्यानं वाचेन.

तुझा,
काका