विंडोज नव्याने टाकल्यावर आवाज का जातो?

प्रश्न : मी सांगलीत राहतो आणि निवृत्तीनंतर घरूनच ऑनलाइन हार्मोनिअमचे वर्ग घेतो. माझ्या लॅपटॉपमध्ये इंटेलचा अकराव्या पिढीचा प्रोसेसर आहे. तो फार संथ झाल्यामुळे गेल्या महिन्यात एका दुकानातून पूर्ण फॉरमॅट करून विंडोज ११ नव्याने टाकून घेतले. तेव्हापासून स्पीकर आणि माइक दोन्ही बंद आहेत आणि कोपऱ्यातील स्पीकरच्या चिन्हावर फुली दिसते. दुकानदारांनी रिअलटेकचा ड्रायव्हर दोनदा टाकून पाहिला, पण तो बसत नाही. साउंड कार्ड जळले असून मदरबोर्ड बदलावा लागेल, असे ते आता सांगत आहेत. वर्ग बंद पडले आहेत. काय करावे?

उत्तर : मदरबोर्ड बदलण्यास कृपया अजून होकार देऊ नका. फॉरमॅटच्या आदल्या दिवसापर्यंत नीट येणारा आवाज विंडोज नव्याने टाकताच गेला असेल, तर आधी संशय ड्रायव्हरवर, म्हणजे एखादा भाग विंडोजला वापरता यावा यासाठी लागणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरवर, घ्यावा. स्पीकर आणि माइक हे वेगवेगळे भाग आहेत. दोन्ही एकाच दिवशी निकामी होणे दुर्मीळ, पण दोघांचा रस्ता एकाच नाक्यावर अडणे सहज शक्य आहे आणि आपल्या लॅपटॉपमध्ये असा एक नाका खरोखरच आहे.

जुन्या संगणकांत साउंड कार्ड ही स्वतंत्र पट्टी असे. आता तेच काम मदरबोर्डवरचे दोन भाग वाटून घेतात. त्यांपैकी इंटेलच्या चिपसेटमधला (प्रोसेसर आणि इतर भाग यांना जोडणाऱ्या चिपमधला) ऑडिओ कंट्रोलर आवाजाची आकडेरूपातील माहिती ने-आण करतो, तर रिअलटेकसारख्या कंपनीची छोटी चिप त्या माहितीचे स्पीकरला समजणाऱ्या विद्युत लहरींत रूपांतर करते. अलीकडच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये इंटेलने आपल्या कंट्रोलरमध्ये आवाजावर प्रक्रिया करणारा स्वतंत्र छोटा प्रोसेसरही घातला असून त्या व्यवस्थेला ‘इंटेल स्मार्ट साउंड टेक्नॉलॉजी’ असे नाव आहे. तिचा ड्रायव्हर नसेल, तर कंट्रोलर जागाच होत नाही आणि त्याच्या पलीकडे बसलेली रिअलटेकची चिप विंडोजला दिसतच नाही. जी चिप दिसत नाही, तिचा ड्रायव्हर बसणार तरी कुठे? दुकानदारांचा प्रयत्न दोनदा फसला त्याचे कारण बहुधा हेच असावे.

याची खात्री आपण घरीच करू शकता. विंडोजची कळ दाबून धरून एक्स दाबा आणि उघडणाऱ्या यादीतून ‘डिव्हाइस मॅनेजर’ निवडा. तेथे ‘अदर डिव्हायसेस’ या शीर्षकाखाली ‘मल्टिमीडिया ऑडिओ कंट्रोलर’ असे नाव आणि त्यावर पिवळे उद्गारचिन्ह दिसते का, ते पाहा. दिसल्यास त्यावर डबल क्लिक करा. पहिल्याच पानावर ‘कोड २८’ असे लिहिलेले असेल, तर त्याचा अर्थ भाग हजर आहे, फक्त त्याचा ड्रायव्हर बसवलेला नाही, एवढाच होतो. जळलेल्या भागाबद्दल विंडोज असे सांगत नाही.

त्यानंतर त्याच खिडकीतील ‘डिटेल्स’ या पानावर जाऊन वरच्या यादीतून ‘हार्डवेअर आयडीज’ निवडा. अक्षरे आणि आकडे यांच्या काही लांबलचक ओळी दिसतील. त्यांना घाबरण्याचे कारण नाही, कारण त्यांतले तीनच तुकडे आपल्या कामाचे आहेत. ‘व्हीईएन’पुढचा आकडा चिप कोणत्या कंपनीची आहे ते सांगतो. तेथे ८०८६ असेल, तर ती इंटेलची. रिअलटेकची असती तर १०ईसी दिसले असते. ‘डीईव्ही’पुढे नेमके मॉडेल असते. अकराव्या पिढीच्या बहुतेक हलक्या लॅपटॉपमध्ये तेथे ए०सी८ असते. तिसरा तुकडा ‘सीसी’चा आणि मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तेथे ०४०३ असते, तर विंडोजने स्वतःजवळचा सर्वसाधारण ड्रायव्हर लावून निदान कामापुरता आवाज दिला असता. वर सांगितलेला छोटा प्रोसेसर चालू असलेला कंट्रोलर मात्र स्वतःची ओळख ०४०१ अशी देतो आणि त्या ओळखीला तो सर्वसाधारण ड्रायव्हर लागू पडत नाही. म्हणूनच एखाद्या दहा-बारा वर्षे जुन्या डेस्कटॉपवर विंडोज टाकताच आवाज येतो आणि त्याहून कितीतरी नवा लॅपटॉप मुका राहतो.

आता उपाय. लॅपटॉप इंटरनेटला जोडून ‘सेटिंग्ज’मध्ये ‘विंडोज अपडेट’, त्यात ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’ आणि त्यात ‘ऑप्शनल अपडेट्स’ येथे जा. ड्रायव्हरच्या यादीत इंटेल आणि रिअलटेक ही नावे दिसली, तर ती निवडून उतरवून घ्या. वाय-फायचाही ड्रायव्हर गेला असेल, तर अँड्रॉइड फोन केबलने जोडून ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू केल्यास बहुतेक वेळा इंटरनेट मिळते. यादीत काहीच नसेल, तर लॅपटॉपच्या पाठीवरचा अनुक्रमांक आपल्या कंपनीच्या अधिकृत मदत-पानावर टाका आणि तेथून प्रथम चिपसेटचा, मग स्मार्ट साउंड टेक्नॉलॉजीचा आणि शेवटी रिअलटेकचा ड्रायव्हर बसवून लॅपटॉप रीस्टार्ट करा. हा क्रम बदलू नका. काही कंपन्या शेवटचे दोन्ही एकाच फाइलमध्ये देतात, तेव्हा वेगळा शोधत बसू नये. ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये’ असे सांगणारी फुकट सॉफ्टवेअर कृपया टाकू नका. दुसऱ्याच मॉडेलचा ड्रायव्हर येऊन साधा बिघाड किचकट झाल्याची उदाहरणे मी बरीच पाहिली आहेत.

एवढे करूनही आवाज आला नाही, तर मदरबोर्डाचा विचार करण्यापूर्वी एक चाचणी अवश्य करा. विंडोजऐवजी चालणाऱ्या उबुंटू या मोफत प्रणालीची अलीकडची आवृत्ती पेन ड्राइव्हवर घेऊन, ती लॅपटॉपवर न बसवता, ‘ट्राय’ हा पर्याय निवडून नुसती चालवून पाहा. तिच्यात इंटेलच्या या कंट्रोलरचा ड्रायव्हर आधीच असतो. तेथे आवाज आला, तर भाग शाबूत असल्याचा यापेक्षा चांगला पुरावा नाही आणि तो दुकानदारांनाही दाखवता येईल. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळे चिन्हही नाही आणि ऑडिओ कंट्रोलरही नाही, अशी स्थिती असेल, तर बायोसमध्ये (लॅपटॉपच्या विंडोजपूर्वी चालणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये) ऑडिओ बंद केलेला नाही ना, ते आधी तपासावे.

तोवर वर्ग सुरू करण्यासाठी यूएसबीचा हेडफोन वापरा. त्याच्यात स्वतःची ध्वनी-चिप असल्यामुळे तो या अडलेल्या रस्त्याने जातच नाही. हार्मोनिअम शिकवणाऱ्याला महिनाभर आवाजाविना बसवून ठेवणे मला फार अन्यायाचे वाटते आणि ते टाळता येण्यासारखे आहे.

प्रश्न : माझ्या डेस्कटॉपवरही विंडोज नव्याने टाकल्यापासून आवाज नाही, मात्र डिव्हाइस मॅनेजरमध्ये कुठेही पिवळे चिन्ह नाही. मॉनिटर एचडीएमआय केबलने जोडलेला आहे आणि स्पीकर मागच्या बाजूला. (एक विद्यार्थिनी, अकोला)

उत्तर : आपल्याकडे ड्रायव्हर बसलेला आहे, पण आवाज भलत्याच ठिकाणी जात असावा. एचडीएमआय केबलमधून चित्राबरोबर आवाजही जातो. त्यामुळे नव्याने बसलेले विंडोज कित्येकदा मॉनिटरलाच स्पीकर समजते आणि त्या मॉनिटरला स्पीकर नसले, तर काहीच ऐकू येत नाही. कोपऱ्यातील स्पीकरच्या चिन्हावर क्लिक करून आवाज कोणत्या उपकरणाकडे जात आहे ते पाहा आणि मॉनिटरच्या नावाऐवजी ‘स्पीकर्स’ निवडा. मागच्या बाजूला सहसा तीन छिद्रे असतात. त्यांतले हिरवे स्पीकरचे, गुलाबी माइकचे आणि निळे बाहेरून आवाज आत घेण्याचे असते. सफाई करताना पिन निळ्यात गेली असेल, तर ती हिरव्यात लावून पुन्हा ऐकून पाहा.