वडिलांना सांभाळायचं म्हणजे त्यांना माफ करायलाच हवं का?

तुम्ही लिहिलंय की लहानपणी वडिलांनी पट्ट्याने, छत्रीच्या दांड्याने, हाताला येईल त्याने मारलं. आता तुम्ही 36 वर्षांच्या आहात, स्वतःचं घर आहे, नवरा समजूतदार आहे, सात वर्षांची मुलगी आहे. आई मागच्या वर्षी गेली, वडील थकले, आणि दिवाळीनंतर ते कायमचे तुमच्याकडे राहायला येणार. तारीख ठरल्यापासून तुमची झोप उडालीय, कुणी जोरात दार लावलं तरी हातपाय कापतात. आणि तुमचा प्रश्न असा की हे सगळं विसरून त्यांना मनापासून माफ कसं करायचं.

माझं म्हणणं, नका करू. निदान आत्ता तरी त्याच्या मागे लागू नका. विसरणं कुणाच्या हातात नसतं, आणि माफी द्यायची की नाही हा तुमचा खासगी मामला आहे, त्याला दिवाळीची मुदत नाही. नातेवाईक "झालं गेलं गंगेला मिळालं" म्हणतील. म्हणू द्या, त्यांच्या पाठीवर वळ नव्हते. दिवाळीच्या आधी करायची कामं वेगळीच आहेत.

मी डॉक्टर नाही. बडोद्यात एका कंपनीत हिशेब बघतो, वय 51. लहानपण दांडिया बाजारातल्या वाड्यात गेलं. खालच्या बिऱ्हाडात फोडणी पडली तरी वर कळायचं, तिथे आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, मार कळत नसेल असं कसं होईल? पण "पोराला वळण लावतायत" एवढ्यावर सगळं मिटायचं. तेच आप्पा पुढे शेवटची काही वर्षं माझ्या घरी होते, म्हणून हे उत्तर लिहायचा अधिकार आहे असं समजतो.

आधी त्या कापऱ्याबद्दल. तुम्हाला त्याची लाज वाटते असं तुमच्या लिहिण्यावरून दिसतं. आमच्याकडे आप्पांचा हात पट्ट्याकडे गेला की आई स्वयंपाकघरातून बाहेर यायची आणि रेडिओचा आवाज मोठा करायची, शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून. हे मी साफ विसरलो होतो. चाळिशीत एकदा ऑफिसातल्या लोकांबरोबर सेव-उसळ खायला गेलो होतो. दुकानात जुनी गाणी लागली होती आणि मालकाने मध्येच आवाज वाढवला. माझ्या हातातला पाव तसाच राहिला. पाठ घामाने भिजली, पोटात गोळा आला. समोर पट्टा नव्हता, आप्पा नव्हते, कुणी रागावलेलंही नव्हतं. शेजारचा म्हणाला, "तिखट लागलं का?" मी हो म्हटलं. बरेच दिवस गेल्यावर ध्यानात आलं की गाणं चालू असलं तर मला काही होत नाही, कुणी त्याचा आवाज वाढवला की होतं.

यात कमजोरी वगैरे काही नाही. मेंदूत अमिग्डाला नावाचा एक छोटा भाग धोका हेरायचं काम करतो आणि तो तारीख-वार बघत नाही. लहानपणी ज्या आवाजानंतर मार पडला तो आवाज आला की तो विचार करायला वेळ न देता शरीराला तयार करतो. छाती धडधडते, हात गार पडतात, आणि हे सगळं तुम्ही "अरे, हे तर दार वाजलं" असं म्हणेपर्यंत होऊन गेलेलं असतं. म्हणून "मनाला समजाव" हा सल्ला फारसा चालत नाही. मन समजलेलंच असतं, गाडी अडते ती शरीरापाशी.

शरीराला आजची तारीख कळवायला मी जे करतो ते वेडगळ वाटेल. मनगटावर गार पाणी सोडायचं, श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावायचा आणि हळू आवाजात बोलायचं: मी 51 वर्षांचा आहे, हे माझं स्वयंपाकघर आहे, या घराचे हप्ते मी भरले. हप्त्यांचं वाक्य सगळ्यात गुणकारी. तुम्ही तुमचं वाक्य शोधा, पण ते लहान मुलाला खरं लागू पडणार नाही असंच असलं पाहिजे.

तुम्ही एकट्या नाही हे सांगायचा मोह होतोय, त्यातून फार दिलासा मिळत नाही तरी आकडा सांगतो. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने 2007 साली 13 राज्यांतल्या मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. तीनातल्या दोन मुलांनी मार खाल्ला होता, आणि घरात मार खाणाऱ्यांपैकी 88 टक्क्यांहून जास्त मुलांना आईवडिलांनीच मारलं होतं. अमेरिकेत 1998 साली फेलिटी आणि अँडा या डॉक्टरांनी छापलेला अभ्यासही तुम्हाला इंटरनेटवर भेटेल. बालपणी जितके जास्त प्रकारचे घाव, तितके मोठेपणी नैराश्य, व्यसन, हृदयविकार यांचे प्रमाण जास्त, असं त्यात दिसलं. त्यातली प्रश्नावली भरून गुण मोजत बसू नका. तो हजारो लोकांच्या गटाबद्दलचा हिशेब आहे, तुमची पत्रिका नव्हे.

आता एक अवघड गोष्ट. तुमच्या प्रश्नात आईबद्दल एकच वाक्य आहे, "आई बिचारी काही करू शकत नव्हती." मीही वर्षानुवर्षं हेच वाक्य म्हणत होतो. थेरपीत रेडिओची गोष्ट निघाली तेव्हा मी आप्पांवर नाही, आईवर भडकलो. इतका की त्या आठवड्यात तिच्या फोटोला हार घालायचं मी बायकोवर ढकललं. आईने मला मागे ओढायला हवं होतं, निदान रेडिओ बंद तरी करायला हवा होता, वाड्याला ऐकू द्यायला हवं होतं. मग हळूहळू दुसरंही आठवलं. नंतर रात्री ती हळद आणि खोबरेल तेल घेऊन यायची, आणि तिच्या दंडावरही काळंनिळं असायचं. दोन्ही खरं आहे. एकाने दुसरं पुसलं जात नाही, आणि आज मी दोन्ही एकाच वेळी धरू शकतो, पूर्वी नाही जमायचं. तुमचं असंच होईल असं नाही. पण झालंच, तर आई नुकतीच गेलीय म्हणून त्या रागाला घाबरू नका. दुःखात राग असतोच.

उपचारांबद्दल. पहिल्यांदा मी ज्यांच्याकडे गेलो त्यांनी "वडीलच ना, पाया पडा आणि मोकळे व्हा" असं सांगून फी घेतली. नाव लिहीत नाही. म्हणून पहिल्याच भेटीत विचारा: बालपणीच्या ट्रॉमावर, म्हणजे मनावर बसलेल्या आघातावर, काम केलंय का, कोणत्या पद्धतीने करता, आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असाल तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का. विचारण्यात संकोच कसला? आपण प्लंबरलासुद्धा चार प्रश्न विचारतो. सरकारी सोयही वाईट नाही. आमच्याकडे सयाजी हॉस्पिटलमध्ये मानसोपचाराची ओपीडी आहे, कारेलीबागेत मनोरुग्णालय आहे. शाळेत आम्ही एकमेकांना कारेलीबागेचं नाव घेऊन चिडवायचो, त्यामुळे माझी पावलं तिकडे वळायला उशीर लागला. तुमच्या गावात काय आहे ते माहीत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर लावा. ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. जगणं नकोसं वाटलं तर त्याच नंबरावर, त्याच रात्री.

पद्धतींपैकी ट्रॉमावर केंद्रित सीबीटी (विचार आणि वागणं यांवर बोलून, सराव करून काम करायची पद्धत) आणि ईएमडीआर या दोन्हींची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने 2013 मध्ये केलीय. ईएमडीआरमध्ये थेरपिस्ट बोटं डावी-उजवीकडे हलवतो, तुम्ही नजरेने माग घेता आणि तेव्हाच ती आठवण मनात धरता. ऐकायला जादूटोणा वाटतो, आणि बोटांमुळेच गुण येतो का यावर तज्ज्ञांत वाद आहेतच, पण पुष्कळांना फरक पडतो. मला सीबीटीने पडला. रडून मोकळं व्हायला बोलावतील असं वाटलं होतं, प्रत्यक्षात काम बरंच रूक्ष निघालं, गृहपाठासकट.

झोपेसाठी मेडिकलवाल्याकडून अल्प्राझोलामची अर्धी गोळी मागून आणू नका. सवय लागते आणि आठवण तिथेच राहते. औषध लागलंच तर मानसोपचारतज्ज्ञ सरट्रालीनसारखं नैराश्य-चिंतेवरचं काही देतील, त्याला गुण यायला काही आठवडे जातात, तेव्हा दिवाळी तोंडावर येईपर्यंत थांबू नका. तसंच, दबलेल्या आठवणी संमोहनाने किंवा गेल्या जन्मात नेऊन बाहेर काढून देतो म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस यांच्या 1995 च्या प्रयोगात घरच्यांच्या नावाने सांगितलेली खोटी गोष्ट, लहानपणी मॉलमध्ये हरवल्याची, सुमारे पाव लोकांना "आठवायला" लागली होती. तुम्हाला जेवढं आठवतंय तेवढं पुरेसं आहे.

लिहून काढण्याबद्दल विचारलंय. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी 1986 साली विद्यार्थ्यांना सलग चार रात्री 15 मिनिटं मनातलं लिहायला लावलं होतं. लिहिल्यावर लगेच त्यांना जास्तच वाईट वाटलं, पण पुढच्या महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. म्हणजे लिहा, पण लिहून झाल्यावर रात्र खराब जाणार हे धरून चला. सुन्न व्हायला होत असेल, वेळेचं भान सुटत असेल, तर एकटीने लिहू नका.

वडिलांशी बोलायचं का? मी एकदाच विषय काढला. आप्पा पेपर वाचत होते. मान वर न करता म्हणाले, "मी? मी तर तुला बोट लावलं नाही. तुझी आईच मारायची." खोटं बोलत होते की खरंच तसं आठवत होतं, देव जाणे. त्या रात्री मला झोप लागली, कारण तोपर्यंत त्यांच्या कबुलीवर माझं काही अडलेलं नव्हतं. अडलेलं असताना विचारलं असतं तर मोडून पडलो असतो. तेव्हा विचारायचंच असेल तर तुमचं बरं होणं त्यांच्या उत्तरावर टांगून विचारू नका.

आणि सांभाळण्याचं. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा 2007 चा कायदा मुलांवर, मुलींवरही, जबाबदारी टाकतो. अन्न, कपडे, निवारा, औषधोपचार, हे सगळं त्यात येतं. त्यांना एका छताखाली ठेवावं असं मात्र तो म्हणत नाही. शक्य असेल तर जवळच छोटी खोली भाड्याने घ्या, डबा पाठवा, मदतनीस ठेवा. लोक बोलतील. माझ्या खिशाला दोन भाडी झेपली नसती म्हणून आप्पा घरातच होते, तेव्हा आम्ही असं केलं: औषधं बायको देणार, दाढी आणि आंघोळ मदतनीस बघणार, डॉक्टरकडे मी नेणार. आप्पा हॉलमध्ये, आमच्या खोलीला आतून कडी. रेडिओ आणि टीव्हीचा रिमोट माझ्याकडे. ते ओरडायला लागले की मी उत्तर न देता चपला घालून सूरसागर तलावाला एक चक्कर मारून यायचो. सुरुवातीला ते त्यामुळे जास्त चिडायचे, मग ओरडणंच कमी झालं. कायमचं आणण्याआधी एकदा आठवडाभर बोलवून बघा, आणि परतीचं तिकीट आधीच काढून ठेवा.

तुमची मुलगी सात वर्षांची आहे, म्हणून एक नियम नवऱ्याच्या तोंडून वडिलांना आधीच सांगा: या घरात मुलीवर हात उगारायचा नाही, गमतीतही नाही. तिलाही सांगून ठेवा की आजोबा ओरडले तर ते ऐकत उभं राहायचं नाही, सरळ तुमच्याकडे यायचं. आणि पहिले काही महिने तिला त्यांच्यापाशी एकटं ठेवू नका, ते कितीही निवळलेले दिसले तरी.