पूर्वेच्या कडेला येणाऱ्या पट्ट्या पुसू नका

नमस्कार. तुमच्याकडे क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये ग्वाल्हेरच्या वॉर्डांचा लेयर (नकाशाचा थर) आहे आणि त्यावर पाणीपुरवठ्याचे, म्हणजे टाक्यांचे झोन, नलकूप आणि टँकरच्या फेऱ्या असे एकमेकांवर चढलेले तीन लेयर. या तिन्हींतून सुटलेली जागा काढायची आहे, पण डिफरन्स (एका लेयरमधून दुसरा वजा करणारं टूल) चालवल्यावर हद्दींच्या कडेने लांबट पट्ट्या येताहेत. त्या सरसकट पुसायच्या का, असं तुम्ही विचारलंय. पुसू नका. याच पट्ट्यांपायी माझा अख्खा उन्हाळा गेला.

टूल्सचा क्रम तुम्हाला माहीत असेलच: तिन्ही लेयर मर्ज (एकत्र), फिक्स जॉमेट्रीज (आकारांतल्या चुका दुरुस्त), डिझॉल्व्ह (आतल्या हद्दी पुसून एकसंध), मग वॉर्डांतून तो वजा आणि शेवटी मल्टिपार्ट टू सिंगलपार्ट्स (प्रत्येक तुकडा वेगळा). एकेक लेयर वेगवेगळा वजा करत बसू नका, प्रत्येक फेरीत नवी कचकच निघते. टोपॉलॉजी चेकरचा गॅपचा नियम इथे कामाचा नाही, तो एकाच लेयरच्या आतल्या फटी दाखवतो.

आता मूळ मुद्दा. मुरारच्या पुढच्या गावांमध्ये कोणती वस्ती कुठल्याच आरोग्य उपकेंद्राच्या क्षेत्रात येत नाही, हे आम्ही शोधत होतो. क्षेत्रं आम्ही जीपीएस घेऊन स्वतः फिरून आखली होती. गावांच्या हद्दी एका कार्यालयातून मिळाल्या: शेपफाइल (नकाशाच्या डेटाचं एक फाइल-स्वरूप), पण आकडे कुठल्या निर्देशांक पद्धतीतले (सीआरएस) हे सांगणारी पीआरजे फाइल सोबत नाही. सीआरएस कोणती, हे विचारायला मी चार वेळा गेलो. ‘फाइल उघडते ना? मग झालं,’ एवढंच उत्तर. मीही जीपीएसची डब्ल्यूजीएस 84 लावून मोकळा झालो. शहराएवढ्या झूमवर सगळं जागच्या जागी दिसत होतं. ही माझी घोडचूक.

क्यूजीआयएस वेगवेगळ्या सीआरएसचे लेयर आपसूक जुळवून घेतं, पण तुम्ही सांगितलेल्या सीआरएसवर विश्वास ठेवूनच. ‘सेट लेयर सीआरएस’ने आकडे बदलत नाहीत, फक्त लेबल बदलतं. आकडे बदलतात ते ‘रिप्रोजेक्ट’ने. माझ्या हद्दी जुन्या नकाशांवरून, म्हणजे एव्हरेस्ट गोलाभावरच्या कल्याणपूर डेटमवर (डेटम म्हणजे पृथ्वीचा मानलेला आकार आणि मोजणीचा आधार) काढलेल्या होत्या. (हे कल्याणपूर आपल्याच मध्य प्रदेशातलं, सिरोंजजवळचं.) 2005 च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर सर्वे ऑफ इंडियाच्या खुल्या नकाशांना डब्ल्यूजीएस 84 आलं, पण त्याआधीच्या शीटवरून डिजिटाइझ केलेल्या फाइली आजही फिरताहेत. ग्वाल्हेरकडे या दोन डेटममधला फरक साधारण 140 मीटर, आणि तोही जवळजवळ सगळा पूर्व-पश्चिम.

म्हणजे गावांच्या हद्दी पूर्वेला सरकलेल्या आणि उपकेंद्रांची क्षेत्रं जागेवर. परिणामी पूर्वेच्या कडेला लांबच लांब ‘वंचित’ पट्टा. आम्ही मे महिन्यात मोटरसायकलवर तिथे पोचलो. आशाताईंनी रजिस्टर उघडून एकेका घरावर बोट ठेवलं. प्रत्येक घरातल्या बाळाच्या लसीची तारीख लिहिलेली होती. माझ्या नकाशात ती घरं कुणाच्याच वाट्याला नव्हती. त्यांच्यासमोर उभं राहताना मला फार वाईट वाटलं. खऱ्या सुटलेल्या दोन वस्त्यांपर्यंत पोचायला आम्हाला त्यानंतर दोन महिने लागले, आणि याचा राग अजून जात नाही. पीआरजे फाइल द्यायला त्या कार्यालयाचं काय जात होतं?

म्हणून आधी पट्ट्या कुठल्या बाजूला आहेत ते पाहा. सगळ्या एकाच दिशेला असतील तर उपग्रहचित्रावर लेव्हल क्रॉसिंग, पूल, कालव्याचं वळण असे लांबलांबचे तीन-चार बिंदू मोजा. सरक सगळीकडे सारखी असेल तर डेटमची शंका घ्या. फाइल अंश-कलांमध्ये असेल तर 4146 (कल्याणपूरच्या सीआरएसचा कोड) लावून रिप्रोजेक्ट करून बघा. प्रत्येक ठिकाणी वेगळी असेल तर जुन्या नकाशाचं स्कॅन नीट बसवलेलं नाही, तिथे हा उपाय चालणार नाही. मी सर्वेक्षक नाही, अनुभवाचं सांगतोय. तुमच्या फाइलचं दुखणं वेगळंही असू शकेल.

क्षेत्रफळासाठी 32644 (मीटरमध्ये मोजणारी, यूटीएम झोन 44 ची सीआरएस) घ्या. इंदूर-बडोद्याची मंडळी 32643 देतात, त्यांच्यासाठी ते बरोबर आहे, पण आपलं शहर 78 अंश रेखांशाच्या पूर्वेला, म्हणजे पुढच्या झोनमध्ये आहे.

हे सगळं निस्तरल्यावरच पट्ट्या गाळा, आणि नुसत्या क्षेत्रफळावर गाळू नका. लांब पट्टीचं क्षेत्रफळ एखाद्या वस्तीपेक्षाही जास्त भरतं. 4π गुणिले क्षेत्रफळ, भागिले परिमितीचा वर्ग, असा रकाना काढा. वर्तुळाला 1 येतो, पट्टीला शून्याच्या जवळ. मी 0.1 च्या खालचे वेगळे काढतो आणि तेही एकदा डोळ्यांखालून घालतो.

आणखी एक, शेपफाइलमध्ये रकान्याची नावं मराठीत देऊ नका. मर्यादा 10 बाइटची आहे आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला 3 बाइट लागतात, ‘वॉर्ड’सुद्धा मावत नाही. त्याऐवजी जिओपॅकेज हे फाइल-स्वरूप वापरा.

तुमच्या पट्ट्या कुठल्या बाजूला आहेत आणि वॉर्डांच्या फाइलबरोबर पीआरजे आली होती का, एवढं कळवा.