शब्दशंका: आत चेपणं, खाली खचणं

प्रश्न: ‘इम्प्लोजन’ म्हणजे अंतःस्फोट ना? मग 2022 मध्ये पुण्यात चांदणी चौकातला पूल स्फोटकांनी पाडला, तो अंतःस्फोटच का?
– वाचक, बावधन

उत्तर: नाही. तो साधा स्फोट. बाहेरचा दाब झेपेनासा होऊन कवच आतल्या बाजूला चेपतं, तो अंतःस्फोट. टायटॅनिकच्या अवशेषांकडे निघालेल्या ‘टायटन’ पाणबुडीचं 2023 मध्ये हेच झालं. शब्द मात्र फसवा आहे. ‘स्फुट्’ म्हणजे फुटणं, त्यामुळे वाचणाऱ्याला ‘आत झालेला स्फोट’ वाटतो. पहिल्यांदा वापराल तिथे ‘बाहेरच्या दाबाने आत चेपणे’ असं शेजारी लिहाच. आणि विसर्गाच्या जागी अपूर्णविराम (:) टाइप करू नका.

प्रश्न: हे मुलांना घरी दाखवता येईल?
– वाचक, कोथरूड

उत्तर: येईल, पण सांडशी मोठ्यांच्या हातात हवी. शीतपेयाच्या रिकाम्या ॲल्युमिनियम कॅनमध्ये दोन-तीन चमचे पाणी घालून गॅसवर ठेवा. तोंडातून वाफेची सलग धार लागली की अर्धा मिनिट थांबा. तेवढ्यात आतली हवा बाहेर जाते. मग कॅन सांडशीने धरून, तोंड खाली करून, गार पाण्याच्या पातेल्यात झटकन बुडवा. वाफेचं पाणी होतं, आत जवळजवळ पोकळी उरते आणि बाहेरची हवा दर चौरस सेंटीमीटरला सुमारे 1 किलो भाराने दाबते. कॅन फटकन चेपतो. चेपला नाही तर बहुतेक वेळा तो सुलटा बुडवलेला असतो, म्हणजे तोंडातून हवा आत शिरते. पाणी पुरतं आटू देऊ नका, रंग जळतो. तोंड बंद करून तर मुळीच तापवू नका. मग होईल तो खरा स्फोट.

प्रश्न: ‘परीक्षेनंतर तो अंतःस्फोटित झाला’ चालेल?
– वाचक, सदाशिव पेठ

उत्तर: कशाला? ‘खचला’ म्हणा. खालचा आधार गेला की खचतं: विहीर, रस्ता, माणूस. 2024 मध्ये पुण्यात सिटी पोस्टाच्या आवारात जमिनीने ट्रक गिळला, ती जमीन खचली. भिंत ढासळते, छत कोसळतं, पातेल्याला पोचा येतो, गाल बसतात, धंदा डबघाईला येतो. अंतःस्फोट भौतिकशास्त्राला राहू द्या. फार तर ध्वनिशास्त्राला: पिंपरीत सिंधी कानावर पडते, तिच्यातले ॻ, ॼ, ॾ, ॿ हे अंतःस्फोटक वर्ण. ते उच्चारताना स्वरयंत्र खाली सरकतं आणि हवा किंचित आत ओढली जाते.