परभक्षी, मांसाहारी की शिकारी?

प्रश्न नागपूरच्या एका शिक्षिकेचा आहे. किनाऱ्यालगतच्या माशांच्या आहारावर विद्यार्थ्यांसाठी लेख लिहिताना त्यांना अडचण आली ती अशी : कपाशीच्या कीडनियंत्रणाच्या माहितीपत्रकांत ‘परभक्षी कीटक’ हा शब्द सर्रास येतो, मग सुरमई, जिताडा यांना ‘परभक्षी मासे’ म्हणावे, की ‘मांसाहारी’, ‘शिकारी’, ‘भक्षक’ यांपैकी एखादा शब्द घ्यावा? मसुद्यातले एक वाक्यही त्यांनी सोबत दिले आहे : ‘सुरमई हा भक्ष्यक मासा तारलीची शिकार खातो.’

माझे मत ‘परभक्षी’च्या बाजूने आहे, आणि विदर्भातल्या वाचकासाठी तर निःसंशय. कपाशीवरची मावा ही कीड फस्त करणारा ढालकिडा हा परभक्षी, तर बोंडअळीच्या अंड्यात आपली अंडी घालणारा ट्रायकोग्रामा हा चिमुकला कीटक परोपजीवी, हा भेद इथल्या शेतकऱ्याच्या तोंडी रुळलेला आहे. परोपजीवी दुसऱ्याच्या शरीरात किंवा शरीरावर वाढतो. परभक्षी दुसऱ्याला मारून खातो आणि पुढच्याकडे वळतो. सुरमईला हीच व्याख्या जशीच्या तशी लागू पडते, त्यामुळे कीटकांसाठी एक शब्द आणि माशांसाठी दुसरा, असे करण्याचे कारण दिसत नाही.

यावर एक आक्षेप संभवतो. ‘पर’ म्हणजे दुसरा; पण बोंबील आणि वाकटी हे मासे स्वतःच्याच जातीची लहान पिल्लेही खातात, आणि जिताड्याची पिल्ले सांभाळणाऱ्यांना ती वेळोवेळी आकारानुसार निवडून वेगळी करावी लागतात, नाहीतर मोठे पिल्लू लहानाला गिळते. मग हे ‘पर’भक्षण कसे? इथे ‘पर’ हा दुसरा जीव आहे, दुसरी जात नव्हे, एवढे ध्यानात घेतले की आक्षेप उरत नाही. आपल्याच जातीला खाण्यासाठी ‘स्वजातिभक्षण’ हा नेमका शब्द आहे, आणि तो परभक्षणाचाच एक प्रकार ठरतो.

‘मांसाहारी’ हा शब्द चुकीचा नाही, मात्र तो वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देतो. मासा काय खातो एवढेच त्यातून कळते, कसे खातो ते कळत नाही. पापलेटचे मुख्य अन्न म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म प्राणी आणि जेलीफिशसारखे मऊ जीव. आहाराच्या दृष्टीने ते मांसाहारीच, पण त्याला शिकारी म्हणायला कोणाचीही जीभ वळणार नाही. उलट बोंबील हाताला इतका मऊ लागतो की तो निरुपद्रवी वाटावा. प्रत्यक्षात त्याच्या जबड्यात आत वळलेले सुईसारखे दात असतात आणि साधारण ३ सेंटिमीटरचा, बारीक कोळंबीसारखा जवळा हे त्याचे आवडते भक्ष्य आहे. नागपूरच्या बाजारात सुके बोंबील आणि जवळ्याची सुकट शेजारी शेजारी विकायला असतात, म्हणजे खाणारा आणि खाल्ला जाणारा एकाच दुकानात सापडतात. तारली पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पती गाळून खाते आणि बोय चिखलावरचे शेवाळ टिपते. या दोघींना वरीलपैकी एकही विशेषण लागू नाही.

‘शिकारी’ हा शब्द रीत सांगतो, म्हणून त्याचा खरा उपयोग वर्णनात होतो. जिताडा खाडीत, खारफुटीच्या मुळांच्या आडोशाला दबा धरून राहतो आणि मासा टप्प्यात आला की जबडा एकदम उघडतो. आत घुसणाऱ्या पाण्याबरोबर मासाही ओढला जातो. त्याचे दात बारीक, मखमलीसारखे असतात, कारण त्याला तोडायचे नसते, गिळायचे असते. सुरमईचे तसे नाही. ती उघड्या पाण्यात तारलीच्या थव्याचा पाठलाग करते आणि तिचे चपटे, त्रिकोणी दात कापण्यासाठीच घडलेले असतात. दोन्ही मासे परभक्षी, पण एकासाठी ‘दबा धरणे’ आणि दुसरीसाठी ‘पाठलाग करणे’ ही क्रियापदे लेखात आली, तर विद्यार्थ्यांना व्याख्येपेक्षा अधिक कळेल.

‘भक्षक’ शब्द व्याकरणाने निर्दोष आहे. तरीही ‘रक्षकच भक्षक झाला’ या वापरामुळे त्याला मराठीत दोषारोपाचा वास लागला आहे, आणि पोट भरणाऱ्या माशावर तो आरोप लादू नये असे मला मनापासून वाटते. जे खाल्ले जाते त्याला ‘भक्ष्य’ म्हणावे. ‘सावज’ हा ‘श्वापद’पासून आलेला शब्द रानातल्या जनावराला शोभतो, जवळ्याला नाही. जाता जाता एक जवळचा शब्द : संस्कृतात ‘आमिष’ म्हणजे मांस, म्हणून सामिष आणि निरामिष भोजन, मराठीत मात्र ते गळाला लावायच्या घासापुरते उरले आणि तिथून लालूच या अर्थापर्यंत पोहोचले.

आता मसुद्यातले वाक्य. ‘भक्ष्य’ म्हणजे खाण्याजोगे, त्यात ‘य’ हवाच. ‘भक्षक’ म्हणजे खाणारा, त्यात ‘य’ येत नाही. म्हणून ‘भक्ष्यक’ हे रूप कुठल्याच अर्थाने बसत नाही. ‘शिकार खाणे’ असेही आपण सहसा म्हणत नाही. शिकार करतात, साधतात, किंवा एखादा जीव शिकार होतो. वाक्य असे करता येईल : ‘सुरमई हा परभक्षी मासा असून तारली हे त्याचे एक प्रमुख भक्ष्य आहे.’