खिडकीतून पडल्यावर

अगं,

रात्री पावणेदोनला पाठवलेला तुझा मेसेज सकाळी चहा घेताना वाचला. तुमच्या बँडचा ड्रमर जर्मनीला चालला, बेसगिटारवाल्याला हिंजवडीत नोकरी लागली, शेवटच्या गिगला अकरा माणसं होती आणि त्यातला एक मी, तोही साउंड मिक्सरच्या मागे. "काका, पाच वर्षं झाली, आता बस करू का?" फोन केला असता तर उगाच धीर देऊन मोकळा झालो असतो. म्हणून लिहायला बसलोय.

पल्प या इंग्लिश बँडचं 'कॉमन पीपल' हे गाणं तू ऐकलं आहेस. तुम्ही ते एकदा वाजवलंही होतंत, फार वाईट. त्या बँडची पूर्ण हकिकत तुला माहीत नसेल, तर आज ऐक.

शेफील्ड हे यॉर्कशरमधलं पोलादाचं शहर. सुऱ्या-काट्यांवर त्याचं नाव कोरलेलं असायचं. १९७८ साली तिथल्या एका शाळेत जार्व्हिस कॉकर नावाच्या पंधरा वर्षांच्या, काडीपैलवान, चष्मिस पोराने बँड काढला. शनिवारी तो मासळीबाजारातल्या गाळ्यावर काम करायचा. शाळेच्या वहीत त्याने 'पल्प मास्टर प्लॅन' लिहून ठेवला होता. कपडे कसे घालायचे इथपासून संगीताचा सगळा धंदा कसा ताब्यात घ्यायचा इथपर्यंत. गाण्यांचा अजून पत्ता नव्हता. हसू नकोस, तुमचाही लोगो पहिल्या गाण्याच्या आधी तयार होता.

१९८१ मध्ये बीबीसी रेडिओवर नव्या बँडना वाजवणारा निवेदक जॉन पील शेफील्डला आला होता. जार्व्हिसने त्याच्या हातात कॅसेट दिली आणि नोव्हेंबरात पल्पला पीलच्या कार्यक्रमासाठी रेकॉर्डिंगचं बोलावणं आलं. पोरगा अठरा वर्षांचा. त्या काळी हे म्हणजे सवाई गंधर्वच्या मांडवात पहिल्याच वर्षी गायला बसण्यासारखं. नशीब उघडलं असं कुणालाही वाटेल. पण बाकीची मुलं कॉलेजसाठी पांगली आणि बँड जवळपास संपला. पीलकडून दुसरं बोलावणं आलं ते १९९३ मध्ये. मधे बारा वर्षं गेली. तुझा ड्रमर जर्मनीला चाललाय म्हणून तू रडतेयस.

या बारा वर्षांत १९८३ ला 'इट' हा अल्बम आला, १९८७ ला 'फ्रीक्स' आला, दोन्ही कुणी फारसे विचारले नाहीत. माणसं येत राहिली, जात राहिली. रसेल सीनियर गिटार आणि व्हायोलिन घेऊन आला, कँडिडा डॉयल कीबोर्डवर बसली. तिला सोळाव्या वर्षापासून संधिवात, आणि वाद्य कुठलं तर बोटांचं. निक बँक्स ड्रम्सवर आला, स्टीव्ह मॅकी बेसवर. तुला आवडतो तो पल्प तयार व्हायलाच दहा वर्षं गेली.

इथे एक गोष्ट लोक सांगत नाहीत, ती मी सांगतो. ते सगळे त्या काळात मुख्यतः बेकारभत्त्यावर जगत होते. पंतप्रधान थॅचरबाईंच्या राज्यात गिरण्या-भट्ट्या बंद पडत होत्या, पण दर पंधरवड्याला थोडे पैसे हातात यायचे आणि त्यावर तालमी चालायच्या. आपल्याकडे तसला भत्ता नाही. तुझा भत्ता म्हणजे बाबांचं पेन्शन, आणि त्याला मर्यादा आहे हे तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. म्हणून बेसवाल्याने नोकरी धरली तर त्याला गद्दार म्हणू नकोस. तूही एखादी धर.

आता मुद्द्याचं. नोव्हेंबर १९८५. एका मुलीवर छाप पाडायला जार्व्हिस स्पायडरमॅनसारखा एका खिडकीतून बाहेर पडून दुसऱ्या खिडकीतून आत यायला गेला. हात सुटला. पाय, मनगट, कंबरेखालचं हाड, सगळं मोडलं. काही आठवडे हॉस्पिटलात, पुढे काही कार्यक्रम त्याने चाकाच्या खुर्चीत बसून केले. हॉस्पिटलात आजूबाजूला शेफील्डची साधी माणसं पडलेली. त्यानेच पुढे सांगितलंय की तिथे पडल्यापडल्या त्याच्या लक्षात आलं, आपण आजवर दूर कुठेतरी बघत गाणी लिहीत होतो. लिहायचं सामान तर इथेच पडलंय. पुढे तो आपल्या गाण्यांतून वॉलपेपर, बसस्टॉप, दुसऱ्याच्या घरातले पडदे असं सगळं आणायला लागला.

तुझी चौदा गाणी माझ्याकडे आहेत. त्यात हायवे आहे, बर्फ आहे, एका गाण्यात तर बोटीवरचा दिवा आहे. तू राहतेस भोसरीत. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी लेथचं वर्कशॉप आहे, दुपारी तीनला पाळी सुटते तेव्हा तुमच्या गॅलरीतून काय आवाज येतो हे तू मला एकदा तोंडाने वाजवून दाखवलं होतंस. तो आवाज एकाही गाण्यात नाही. मराठीत लिही की इंग्रजीत, तो तुझा प्रश्न. पण बोटीवरचा दिवा काढ.

१९८८ मध्ये जार्व्हिस लंडनला सेंट मार्टिन्स कला महाविद्यालयात सिनेमा शिकायला गेला. म्हणजे बँडचा मुख्य माणूसच शहर सोडून गेला! त्या काळात ध्वनिमुद्रित केलेला 'सेपरेशन्स' हा अल्बम कंपनीकडे पडून राहिला, बाहेर आला १९९२ मध्ये. वरवर पाहिलं तर सगळं ठप्प. पण त्याच कॉलेजात त्याला एक ग्रीक मुलगी भेटली, जिला गरिबांसारखं राहून बघायची हौस होती. ती हौस सहा-सात वर्षं त्याच्या डोक्यात मुरली. मग लंडनच्या एका सेकंडहँड दुकानातून आणलेल्या छोट्या कॅसिओ कीबोर्डवर त्याने एक चाल काढली. बँडमधल्या बाकीच्यांना ती फार साधी वाटली. यात काहीतरी आहे हे आधी कँडिडाला पटलं.

तेच हे 'कॉमन पीपल'. आज रात्री हेडफोन लावून ऐक आणि पायाने ठेका धर. सुरुवातीला तू आरामात चालशील, शेवटी धावत असशील. मेट्रोनोमच्या क्लिकला बांधून वाजवलं असतं तर हे झालंच नसतं. भजन ठाय लयीत सुरू होऊन कधी द्रुतमध्ये जातं हे टाळकऱ्यांना कळत नाही, तसं. जार्व्हिस आधी गोष्ट सांगतो, जवळजवळ बोलतोच, आणि राग चढत जातो तशी लय चढते. तुम्ही ते पहिल्या ओळीपासून ओरडत वाजवलंत, म्हणून वाईट झालं.

मे १९९५ मध्ये ते ब्रिटनच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. पहिल्या क्रमांकावर दोन टीव्ही नट एक जुनं प्रेमगीत घेऊन ठाण मांडून बसले होते, असो. जूनमध्ये ग्लास्टनबरीच्या संगीत महोत्सवाआधी स्टोन रोझेस या बँडच्या गिटारवाल्याचं गळपट्टीचं हाड मोडलं आणि ऐनवेळी पल्पला उभं केलं. म्हणजे एका मोडक्या हाडाने गाणी दिली आणि दुसऱ्याने मंच. त्या रात्री जार्व्हिस गर्दीला म्हणाला होता की मनापासून हवं असेल तर ते घडतंच. मला हे पटत नाही. १९७८ साली शेफील्डमध्ये मनापासून हवं असणारी आणखी पोरं नसतील का? पण त्या दिवशी त्यांच्याकडे वाजवायला तयार गाणी होती, एवढं खरं.

'डिफरंट क्लास' ऑक्टोबरात आलं, पहिल्या क्रमांकावर गेलं, पुढच्या वर्षी त्याला मर्क्युरी हे वर्षातल्या सर्वोत्तम ब्रिटिश अल्बमचं पारितोषिक मिळालं. त्या अल्बमवर शब्द जार्व्हिसचे आणि संगीत सगळ्यांचं, असं लिहिलंय. हे नीट वाच. माझ्या पहिल्या बँडमध्ये आम्ही हे ठरवलं नव्हतं. एका जिंगलचे साडेसात हजार रुपये आले आणि चार मित्र आजतागायत एकमेकांच्या लग्नाला गेले नाहीत. ड्रमर विमानात बसायच्या आत कुठलं गाणं कुणाचं ते साध्या कागदावर लिहून चौघांच्या सह्या घे.

यश पचायला त्यांनाही जड गेलं. १९९७ च्या सुरुवातीला सीनियर निघून गेला. १९९८ चा 'धिस इज हार्डकोर' अंधारा, दमलेला. मला तोच जास्त आवडतो, पण लोकांना नाचायचं होतं. २००१ मध्ये आणखी एक अल्बम आला आणि २००२ च्या अखेरीस दुकान बंद. २०११ मध्ये पुन्हा काही काळ मंचावर. २०२३ मध्ये मॅकी वारला. आणि २०२५ च्या जूनमध्ये, चोवीस वर्षांनी, नवा अल्बम 'मोअर', मॅकीला अर्पण केलेला. ध्वनिमुद्रण तीन आठवड्यांत उरकलं, आणि ब्रिटनमध्ये तो थेट पहिला आला. जार्व्हिस तेव्हा एकसष्ट वर्षांचा. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा.

तर बस करायचं की नाही, ते मी सांगणार नाही. ड्रमर तीन आठवड्यांनी जातोय ना? रविवारी अकराला त्याला घेऊन माझ्याकडे ये. पाळी सुटतानाचा तो आवाज फोनवर रेकॉर्ड करून आण, आणि तुझा जुना कीबोर्डही. अ‍ॅडॅप्टर आठवणीने आण, माझ्याकडचा उंदराने कुरतडलाय.

काका