रिमेंबर टू की रिमेंबर डूइंग?

प्रश्न: 'आय रिमेंबर्ड टू लॉक द डोअर' आणि 'आय रिमेंबर लॉकिंग द डोअर' यात फरक काय? आणि रिमाइंड कुठे वापरायचं?

उत्तर: फरक आहे आणि चांगलाच मोठा आहे. टू आलं की आधी आठवण आणि मग काम, म्हणजे कुलूप लावायचं लक्षात होतं आणि लावलं. आयएनजी आलं की काम आधीच होऊन गेलंय, कुलूप लावल्याचं आता आठवतंय एवढंच. म्हणून शाळेत निघालेल्या मुलाला 'रिमेंबर टू टेक युवर टिफिन' असंच सांगायचं, तिथे टेकिंग चालणारच नाही.

रिमाइंड म्हणजे दुसऱ्याला आठवण करून देणं, त्यामुळे 'प्लीज रिमेंबर मी टू कॉल हिम' असं जे ऑफिसात ऐकू येतं ते चूक, तिथे रिमाइंड मी पाहिजे. पण 'रिमेंबर मी टू युवर मदर' हे मात्र एकदम बरोबर बरं का, म्हणजे आईंना माझा नमस्कार सांग, जरा जुन्या वळणाचं आहे पण मला फार आवडतं.

आणि 'आय ॲम रिमेंबरिंग हिज नेम' नको, नाव आठवत असेल तर सरळ 'आय रिमेंबर', आठवायचा प्रयत्न चालू असेल तर 'आय ॲम ट्राइंग टू रिमेंबर' म्हणा.